मांडवची गोरखचिंच, झाबुआचा कडकनाथ

शुक्रवार : इंदूर ते मांडव

इंदूरकर मांडवला जातो तो पावसाळ्यात. ढगात बुडालेला जहाजमहाल, हातात भुट्टा, आणि परतताना घाटाबिल्लोदच्या अलीकडे रांगेत अडकलेली गाडी. गोरखचिंच बघायची असेल तर मात्र जानेवारीत जावं. पानं गळून गेलेली असतात, फळं लांब देठांवर लोंबत असतात आणि झाडाचा सगळा बेढब थाट उघड्यावर येतो.

भाची सुट्टीवर आली होती. ती वनस्पतींच्या डीएनएवर काम करते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं ते पान, फूल, फळ हातात घेऊन, भिंगाखाली धरून. आमचं हे जुनं भांडण आहे. मी म्हणते, झाड समोर उभं आहे, आधी ते नीट बघ. ती म्हणते, मावशी, बघून जेवढं कळायचं तेवढं तुमच्या पिढीला कळून झालंय. या वेळी ठरवलं, भांडायचंच तर झाडाखाली उभं राहून भांडू. आमचे हे रिटायर्ड इंजिनिअर. गाडी चालवायला आणि दोन्ही बाजूंना शंका विचारायला एका पायावर तयार.

लोकमान्य नगरहून सकाळी निघालो. बेटमा, लेबड, मग धार. धारला पोहे खाल्ले. इंदूरचे बरे, एवढंच म्हणते. पवारांच्या धारेत किल्ला बघायला हवा होता, दुसऱ्या बाजीरावाचा जन्म तिथला. पण भाचीला झाडांची घाई.

नालछा मागे पडलं की गोरखचिंचा दिसू लागतात. शेताच्या बांधावर, ढाब्याच्या मागे, पडक्या कबरीला खेटून. पहिलं मोठं झाड दिसताच गाडी थांबवली. तिघांनी हात धरून खोडाला कव घालायचा प्रयत्न केला, अर्ध्यापर्यंतही पोचलो नाही. साल करडी, चकचकीत, आणि हत्तीच्या गुडघ्यावर पडतात तशा वळ्या पडलेली. तिच्यावर कुणी कुणी नावं कोरून ठेवलीत. खोड जसं फुगत गेलं तशी अक्षरंही आडवी ताणली गेलीत, आता जेमतेम वाचता येतात.

फळं विकणारी बाई पुढच्या वळणावर बसली होती. ‘खुरासानी इमली’ म्हणून विकते. अख्खं फळ घ्या नाहीतर गराची पुडी. अख्खं घेतलं. वीतभर लांब, वर हिरवट तपकिरी मखमली लव. बाईनेच दगडावर आपटून फोडून दिलं. आत पांढुरका, कोरडा, भुसभुशीत गर, लालसर धाग्यांत अडकलेला, आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात एक काळपट बी. जिभेवर ठेवला की हळूहळू विरघळतो आणि मग गालफडं आवळून येतात. ह्यांचा अभिप्राय : “चिंच नाही ही, सायट्रिक ॲसिड आहे.”

आता मुद्दा असा की हे झाड मुळात इथलं नाही. गोरखचिंचेच्या, म्हणजे बाओबाबच्या, जगात आठ जाती. सहा फक्त मादागास्करमध्ये, एक ऑस्ट्रेलियात आणि एक आफ्रिकेत. मांडवची ती आफ्रिकेतली. २०२४ साली या आठही जातींचे जीनोम, म्हणजे डीएनएचा अख्खा मजकूर, वाचून झाले आणि सगळ्यांचं मूळ घर मादागास्कर असावं असा निष्कर्ष ‘नेचर’मध्ये छापून आला. पण ती लाखो वर्षांची गोष्ट. मांडवला हे झाड कधी आलं, आफ्रिकेतल्या कुठल्या किनाऱ्यावरून आलं? इथे माझं भिंग कामाचं नाही, हे मान्य करायला मला काही कमीपणा वाटत नाही. मांडवचं पान आणि टांझानियाचं पान शेजारी ठेवलं तर मी काय, कुणीच फरक सांगू शकणार नाही. झाडाच्या वयावरूनही पत्ता लागत नाही. त्याच्या खोडातली वलयं भरवशाची नसतात, वय काढायचं तर रेडिओकार्बन लागतं.

गाइड सांगतो की कुण्या खलिफाने की शहाने मांडवच्या सुलतानाला ही झाडं भेट दिली. ऐकायला छान आहे. फक्त खुरासानातल्या थंडीत हे झाड तग धरत नाही, तिथून कोण कशाला पाठवेल.

भाचीने चहाच्या टपरीवर बिलाच्या पाठीमागे आकृती काढली. डीएनएच्या लांबलचक मजकुरात काही जागा अशा असतात की तिथे दोन-तीन अक्षरांचा एकच तुकडा पुन्हापुन्हा येतो : सीए, सीए, सीए, सीए. नक्कल होताना यंत्रणा अशा जागी अडखळते, एखादा तुकडा जास्त पडतो किंवा गळतो. त्यामुळे एका झाडात तो बारा वेळा, दुसऱ्यात पंधरा वेळा. या जागांना मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. त्यांचा झाडाच्या रंगरूपाशी बहुतेक वेळा काही संबंध नसतो, म्हणूनच त्या उपयोगाच्या. हवामान बदललं म्हणून आकडा बदलत नाही, तो वंशात उतरत जातो. अशा दहा जागांचे आकडे घ्यायचे आणि कुठल्या झाडांचे आकडे एकमेकांशी जुळतात ते बघायचं.

“आणि यात एक गंमत आहे,” ती म्हणाली. “आफ्रिकन बाओबाबमध्ये गुणसूत्रांचे दोन नाही, चार संच असतात. म्हणजे एका जागी चार आकडे. वाचताना जीव जातो.”

कॅरन बेल, हरिप्रिया रंगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमकं हेच केलं. आफ्रिका, भारत, मॉरिशसकडची बेटं आणि मलेशिया इथल्या झाडांच्या दहा जागा वाचल्या आणि २०१५ साली निष्कर्ष छापले. आग्नेय भारतातली झाडं, मॉरिशसकडची आणि मलेशियाची एका गटात पडली, आणि त्याच गटात पश्चिम आफ्रिका. म्हणजे अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपियनांची जहाजं जिकडे फिरली, तिकडे. पण पश्चिम आणि मध्य भारतातली झाडं वेगळीच निघाली. त्यांचा आफ्रिकेतल्या कुठल्याच गटाशी थेट मेळ बसेना. जवळात जवळचं नातं लागलं ते मोंबासा ते दार-ए-सलाम या किनाऱ्याशी. आणि त्यांच्यात काही आकडे असे सापडले जे तपासलेल्या आफ्रिकन झाडांत नाहीतच.

हे ऐकून ह्यांनी लगेच इंजिनिअरी काढली. “म्हणजे आपल्याकडे येऊन इतका काळ गेला की नवे आकडे तयार झाले?”

“किंवा ज्या गावातून बी आलं त्या गावची झाडं कुणी तपासलीच नाहीत,” भाची म्हणाली. “दोन्ही शक्य आहे, काका. एवढं मात्र पक्कं, की एकदाच कुणी मूठभर बिया आणल्या आणि त्यातून देशभर पसरलं, असं नाही. अनेकदा आलंय, आणि आपण समजत होतो त्याच्या बऱ्याच आधीपासून.”

फळाची कवटी पाण्यावर तरंगते, त्यामुळे समुद्रकिनाऱ्यावर एखादं झाड आपोआप रुजेलही. पण मांडव समुद्रापासून आत, विंध्याच्या कड्यावर दोन हजार फुटांवर. इथे बी कुणाच्या तरी गाठोड्यातूनच येणार. खलाशांना हे फळ सोयीचंच : वाळलेलं, महिनोन्महिने टिकणारं, क जीवनसत्त्वाने भरलेलं. माळव्याचा माल खंबायतच्या बंदरातून जायचा आणि तिकडून आफ्रिकेच्या किनाऱ्याशी ये-जा होती. हबशी माणसंही त्याच वाटेने आली, काही सैनिक म्हणून, बरीचशी गुलाम म्हणून. मांडवचा सुलतान गियासुद्दीन खिलजी, पंधराव्या शतकातला, त्याच्या जनानखान्याच्या पहाऱ्यावर पाचशे हबशी स्त्रिया होत्या असं जुना इतिहासकार फिरिश्ता लिहितो. आकड्यात अतिशयोक्ती धरली तरी आफ्रिकेतून आलेली माणसं या गडावर राबत होती.

मी जहाजमहालाच्या गच्चीवर उभी राहून हाच विचार करत होते. फोटो काढणाऱ्यांच्या गर्दीत ते जमलं याचं मलाच आश्चर्य वाटलं. बेल-रंगन यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे. झांबेझी नदीकाठी आणि टांझानियातल्या किल्वाला वेगवेगळ्या गटांतली झाडं एकत्र मिसळलेली सापडली, आणि आफ्रिकेच्या अंतर्भागातून पकडून किनाऱ्यावर आणलेल्या बंदिवानांचा तो माग असावा, अशी शंका त्यांनी मांडली आहे. ज्यांची नावं कुठल्या वहीत नाहीत, त्यांच्यासोबत आलेल्या बियांची झाडं अजून उभी आहेत. मांडवला बी नेमकं कुणी आणलं, सुलतानाच्या व्यापाऱ्याने की पहारेकरणीने, हे त्या दहा आकड्यांतून कधीच कळणार नाही. मी पहारेकरणीच्या बाजूने आहे. याला पुरावा नाही.

काही वर्षांपूर्वी धार जिल्ह्यातली काही जुनी झाडं मुळासकट उपटून, ट्रेलरवर घालून हैदराबादकडे एका खाजगी बागेसाठी नेली गेली. गावकरी रस्त्यावर उतरले, प्रकरण हायकोर्टात गेलं. तेव्हा मला वाईट वाटलं होतं ते वाटेला लागलेल्या म्हाताऱ्या झाडाचं. भाचीचा राग वेगळा. भारतातल्या गोरखचिंचांमध्ये वैविध्य आफ्रिकेपेक्षा कमीच आहे, आणि वर इथलेच असे काही आकडे या मोजक्या झाडांत आहेत. त्यातलं कुठलं कुठे आहे हे प्रत्येक झाड तपासल्याशिवाय सांगता येत नाही. “बदल्यात दहा रोपं लावली म्हणतात. एकाच फळाच्या दहा बिया लावल्या तर काय मिळणार? दहा भावंडं.” तिच्यावर माझा इथे एकही वार चालला नाही.

संध्याकाळी रूपमती मंडपावरून खाली निमाडात नर्मदेची रेघ दिसली. थंडी कडक होती. हॉटेलात दाल-बाफले.

शनिवार : मांडव ते बाग

घाट उतरून मनावर, कुक्षी, बाग. रस्ता बरा. बागच्या गुहांमधली चित्रं बरीचशी गेलीत, जे उरलंय ते अंधारात डोळे फाडून बघावं लागतं. वाटलं तेवढा आनंद मिळाला नाही. बागप्रिंटचं एक कापड घेतलं, तो आनंद मात्र मिळाला.

खरं आकर्षण होतं डायनासोरच्या अंड्यांचं. धार जिल्ह्याच्या या भागात नर्मदेच्या खोऱ्यातल्या खडकांत टायटनोसॉरची ९२ घरटी आणि २५६ अंडी नोंदली गेली, तो शोधनिबंध २०२३ चा. त्याच वर्षी पाडल्या गावची बातमीही गाजली होती : पिढ्यानपिढ्या शेतकरी ज्या गोल दगडांची काकड भैरव म्हणून पूजा करत आले, ते दगड म्हणजे अंडी. आम्हीही एक गोळा हातात घेऊन बघितला. नारळाहून जड, पृष्ठभाग खरबरीत, एका बाजूला कवचाचा पातळ थर उन्हात चमकतो.

ह्यांचा प्रश्न ठरलेलाच. सिनेमात काढतात तसा यातून डीएनए निघेल का? भाची हसली. डीएनए मेल्यापासून तुटायला लागतो. न्यूझीलंडच्या मोआ पक्ष्यांच्या हाडांवरून हिशोब काढला होता २०१२ साली, तेव्हा त्यातले निम्मे धागे सुमारे ५२१ वर्षांत तुटतात असं आलं, आणि तेही थंड हवेत. आजवर वाचलेला सगळ्यात जुना डीएनए उत्तर ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीतला, वीस लाख वर्षांचा. ही अंडी साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची, आणि ती आता दगड आहेत. इथे माझ्या बाजूला एक गुण. आकार, कवचाची जाडी, छिद्रांची रचना, बघून जे कळेल तेच.

आपल्याकडे तर साडेसहा कोटी सोडा, साडेचार हजार वर्षंसुद्धा महाग पडतात. सिंधू संस्कृतीच्या राखीगढीत डेक्कन कॉलेजच्या वसंत शिंदे यांनी उत्खनन केलं. तिथल्या हाडांचे ६१ नमुने तपासले तेव्हा कुठे एका बाईचा उपयोगी पडेल इतका डीएनए हाती लागला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला. उष्णता आणि ओलावा, दुसरं काय. महेश्वरसमोर नर्मदेच्या पलीकडे नावडातोली आहे. पुरातत्त्वज्ञ सांकलियांनी पन्नासच्या दशकात तिथे खोदलं आणि ताम्रपाषाण काळातले जळालेले गहू, मसूर सापडले. माझ्या पिढीला ती टोपलीभर दाण्यांची चित्रं पाठ आहेत. कोळसा झालेल्या दाण्यातून डीएनए मिळणं जवळपास अशक्य. तिथेही आकार बघूनच जात ओळखली. दुसरा गुण.

रात्री बागमध्येच मुक्काम. लाइट गेली होती, लवकर झोपलो.

रविवार : बाग ते झाबुआ

जोबटवरून झाबुआ. टेकड्या, मधे मधे पळस, विखुरलेली भिल्ल घरं. आपल्याकडे गाव म्हटलं की घरं एकमेकांना चिकटून. इथे प्रत्येक घर आपल्या शेतात, आपल्या टेकडीवर.

कडकनाथ पाळणाऱ्या एका शेतकऱ्याकडे ओळखीतून जायचं ठरलं होतं. त्यांच्या अंगणात पंचवीस-तीस कोंबड्या. कडकनाथात तीन प्रकार : पूर्ण काळे, पंखांवर सोनेरी झाक असलेले आणि पांढऱ्या रेघांचे. शेतकऱ्याने एक कोंबडा पायाला धरून उचलला आणि त्याची चोच उघडून दाखवली. जीभ काळी, टाळू काळा. तुरा जांभळट काळा. मग पंखाखालची पिसं फुंकर मारून बाजूला केली, कातडीही काळी. रक्त मात्र लाल, आणि अंडं काळं वगैरे काही नाही, फिकट बदामी. इंदूरच्या बाजारात काळं अंडं म्हणून काहीही विकतात, म्हणून लिहून ठेवते.

हे काळेपण येतं कुठून, तर कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावरच्या एका गोंधळातून. तिथले दोन तुकडे दुप्पट झालेत आणि त्यातला एक उलटा चिकटलाय. दुप्पट झालेल्या भागात एंडोथेलिन-३ चं जनुक आहे. एकाच्या जागी दोन प्रती, म्हणून ते प्रथिन जास्त बनतं, त्यामुळे गर्भावस्थेत रंगपेशी बेसुमार वाढतात आणि जिथे जायला नको तिथेही जातात : स्नायूंच्या आवरणात, हाडांच्या आवरणात, आतड्यांत. २०११ साली हे उलगडलं ते चीनच्या रेशीमपिसाच्या सिल्की कोंबडीत, इंडोनेशियाच्या आयाम चेमानीत, व्हिएतनामच्या हमोंग कोंबडीत आणि स्वीडनच्या काळ्या कोंबडीत. भोपाळच्या आयसर या विज्ञानसंस्थेच्या संशोधकांनी २०२३ साली कडकनाथचा जीनोम तपासला, तर त्यातही तोच गोंधळ, त्याच जागी तुटलेला आणि तसाच जोडलेला. इतका विचित्र अपघात पाच ठिकाणी पाच वेळा तंतोतंत तसाच होणं शक्य नाही. तो एकदाच झाला आणि कोंबड्यांसोबत फिरला.

मी शेतकऱ्याला हे जमेल तसं हिंदीत सांगितलं. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, “तो फिर जीआय टॅग?” प्रश्न अगदी रास्त. झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वेळी छत्तीसगडच्या दंतेवाड्यानेही हक्क सांगितला होता. पण काळा रंग परदेशातल्या कोंबडीशी एक असला म्हणून कडकनाथ परदेशी ठरत नाही. बाकीच्या जीनोममध्ये त्याचं स्वतःचं असं पुष्कळ आहे. इथलं ऊन, इथलं खाणं, इथले रोग, यांतून पिढ्यानपिढ्या निवडून आलेलं. हे भाचीने समजावलं, आणि ते मला पटलं. मानांकनाचा कागद त्या एका गुणसूत्रावर उभा नाही.

शेतकऱ्याची खरी डोकेदुखी वेगळीच. कडकनाथचा कोंबडा दुसऱ्या कोंबड्यांवर सोडतात आणि झालेली पिल्लं अस्सल म्हणून विकतात. ती काळी निघतातच. काही नाहीत, पण बरीच. रंगावरून अस्सलपणा ठरवणं म्हणजे फसणं. बेटसन आणि पनेट या आनुवंशशास्त्रज्ञांनी १९११ सालीच यावर प्रयोग केले होते. सिल्कीचा कोंबडा आणि ब्राऊन लेगहॉर्न जातीची कोंबडी एकत्र आणली की मुली काळ्या आणि मुलगे फिके! काळेपण दाबून ठेवणारं दुसरं एक जनुक लिंगगुणसूत्रावर बसलेलं असतं, आणि कोंबडीकडे त्या गुणसूत्राची एकच प्रत असते, तीही बापाकडून आलेली. लेगहॉर्न आईचं दाबणारं जनुक मुलग्यांना मिळतं, मुलींना मिळत नाही. म्हणजे काळी कोंबडी दिसली म्हणून कडकनाथ नाही, आणि फिकी दिसली म्हणून तिच्यात काळेपणाचं जनुक नाही असंही नाही. भेसळ पकडायची तर जीनोमभर विखुरलेल्या अनेक खुणा एकत्र बघाव्या लागतात. कालचे माझे दोन गुण इथे परत गेले.

याच जोडीने एक गोष्ट भाचीने सांगितली ती मला फार आवडली. पाळीव कोंबडीचं मूळ लाल रानकोंबड्यात, तेही दक्षिण-पश्चिम चीन, म्यानमार, उत्तर थायलंडकडच्या; २०२० साली आठशेहून जास्त जीनोम वाचून हे ठरलं. पण बाजारातल्या कोंबडीची जी पिवळी कातडी असते, ती देणारं जनुक लाल रानकोंबड्याचं नाही. ते आपल्या सह्याद्रीत पहाटे ओरडतो त्या करड्या रानकोंबड्याचं. जगभरच्या ब्रॉयलरमध्ये महाबळेश्वरच्या जंगलातला एक पाहुणा बसलाय.

जेवायला दाल आणि पानिया. मक्याच्या पिठाची जाड भाकर, वर-खाली पळसाची पानं लावून गोवऱ्यांवर भाजतात. पानांच्या शिरा भाकरीवर उमटतात. भाचीने कडकनाथचा रस्सा खाल्ला. चव विचारली तर म्हणाली, “गावठी कोंबडीसारखीच. थोडी चिवट.” शेतकरी ऐकत होता, म्हणून दुसरा वाडगाही घेतला.

सोमवार : झाबुआ ते इंदूर

ह्यांच्या मावसभावाचा मुलगा झाबुआत सरकारी डॉक्टर आहे. सकाळी त्याच्याकडे चहाला गेलो आणि दुपार झाली. विषय निघाला सिकल सेलचा.

झाबुआ आणि अलीराजपूर हे भिल्ल-भिलालांचे जिल्हे, आणि राज्यातली सिकल सेल तपासणी याच दोन जिल्ह्यांपासून सुरू झाली. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका अक्षराचा फरक. एका पालकाकडून तो आला तर माणूस नुसता वाहक, सहसा ठणठणीत, उलट मलेरियापासून थोडं संरक्षण. दोघांकडून आला तर लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, रक्त अडकतं, हाडं दुखतात, लहान मुलं दगावतात. दोन वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक मुलाला आजाराची शक्यता २५ टक्के. तपासणीनंतर कार्ड देतात. लग्न जमवताना दोघांची कार्डं शेजारी ठेवून बघायची अशी कल्पना.

“आणि बघतात का?” मी विचारलं.

“बघतात, काकू, पण मग मुलीचं कार्ड तेवढं बघतात. मुलाचं कुणी विचारत नाही.” तो म्हणाला. एका पोरीने कार्ड फाडून टाकलं आणि दोन गावं पलीकडे जाऊन पुन्हा तपासणी करून घेतली, काहीतरी वेगळं येईल म्हणून. यावर भाची काही बोलली नाही. आतापर्यंत झाडाचं पान तोडून, कोंबडीचं पीस उपटून चाललं होतं. इथे ज्याच्या रक्तातली खूण वाचायची, त्याला त्या वाचनासकट आयुष्य काढायचं असतं.

या एका अक्षराच्या आजूबाजूलाही खुणा असतात, आणि त्यांच्या साखळीवरून हा बदल कुठल्या घराण्यातून आला ते कळतं. आफ्रिकेत अशा चार साखळ्या, आणि पाचवी अरबस्तान ते भारत. भारतातली बहुतेक प्रकरणं या पाचवीची. या साखळीत जन्मानंतरही गर्भातलं हिमोग्लोबिन बऱ्यापैकी टिकून राहतं, त्यामुळे आजार काहीसा सौम्य असतो असं पुस्तकं म्हणतात. डॉक्टर पुतण्या म्हणाला, “पुस्तकं लिहिणाऱ्यांना वॉर्डात आणा.” पाच साखळ्या म्हणजे हा बदल पाच वेळा वेगवेगळा झाला, असं बरीच वर्षं अनेकांना वाटायचं. २०१८ साली श्राइनर आणि रोटिमी यांनी पूर्ण जीनोम वाचून मांडलं की तो एकदाच झाला, सुमारे ७,३०० वर्षांपूर्वी, आफ्रिकेत.

ह्यांनी तिथल्या तिथे गोरखचिंच जोडली. “बघ, हेही तिकडूनच आलं!” भाचीने त्यांना थांबवलं. जनुक पोचलं म्हणजे ती माणसं जशीच्या तशी इथे येऊन वसली असं होत नाही. हजारो वर्षांत ते हातोहात सरकत येतं, आणि जिथे मलेरिया असतो तिथे टिकतं. बाकीच्या जीनोमवरून पूर्वज बघितले तर भिल्ल इथलेच, आणि आपल्यासारखेच मिश्र. प्रिया मुरजानी, थंगराज, लालजी सिंग, डेव्हिड राइक यांचा २०१३ चा अभ्यास ७३ समूहांचा होता. सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी या देशात सगळ्यांची सरमिसळ झाली, आणि भिल्लांसारखे एकाकी समजले जाणारे समाजही तिच्यातून सुटले नाहीत. मग ती थांबली आणि जो तो आपल्यातच लग्नं करू लागला. त्याचे परिणाम २०१७ च्या दुसऱ्या अभ्यासात दिसतात : २६३ समूहांपैकी ८१ समूह इतक्या थोड्या पूर्वजांपासून वाढलेत की फिन्निश किंवा अश्केनाझी ज्यूंपेक्षाही त्यांचा पाया अरुंद आहे. अशा समाजात दुर्मीळ आनुवंशिक आजार डोकं वर काढतात. आपल्या वधू-वर सूचक मंडळाच्या फॉर्ममध्ये पोटजातीचा रकाना असतो, रक्ततपासणीचा नसतो. मला तो रकाना आधीही आवडत नव्हता.

परतीच्या वाटेवर, राजगढ मागे टाकल्यावर, ह्यांनी मनातलं सांगितलं. ऑनलाइन किट मिळतं म्हणे, नळीत थुंकी पाठवायची आणि पूर्वज कुठले ते कळतं. ह्यांचं घराणं होळकरांच्या मागोमाग इकडे आलं एवढंच माहीत आहे. कुठल्या गावचं, सातारकडचं की कोकणातलं, ते पणजोबांबरोबर गेलं. किटने ते कळेल का?

“नाही कळणार, काका,” भाची म्हणाली. “ती कंपनी तुमची तुलना तिच्या यादीतल्या लोकांशी करणार. यादीत महाराष्ट्रातले किती, त्यातले तुमच्यासारखे किती? ते म्हणतील ‘पश्चिम भारत’ आणि अमुक टक्के. तीनशे वर्षांपूर्वीचं गाव त्यातून निघत नाही. आणि तुमच्या थुंकीत तुमच्या भावंडांचीही माहिती आहे, त्यांना विचारणार का?”

हे गप्प झाले. मग मीच म्हटलं, अहो, सासूबाई सांगायच्या की त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडे आपल्या घराण्याची वही आहे. सासूबाईंचे मामंजी तिथे श्राद्धाला गेले होते, त्यांनी सही केलीय. गाव, कूळ, सगळं लिहिलेलं असतं. घाटाबिल्लोदला चहाला थांबलो तेव्हा ह्यांनी भावाला फोन लावला. भावाकडे उपाध्यायांचा नंबर होता, पण वहीसाठी स्वतः यावं लागतं म्हणाले. फेब्रुवारीत नाशिकचं तिकीट मिळतंय का ते बघायचंय.